अपिलाच्या कोर्टातली पहिली बाई

(ठाणे जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या कल्याण येथील शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संयोजक बायकांनी मला विषय दिला तो असा : ‘न्यायमूर्ती सुजाता मनोहर – एक प्रेरणादायी कारकीर्द’. ऐकून मी आधी नाहीच म्हटलं. एक तर मी वकील नाही. डोंबिवलीत संघटनेचं काम करते, बायकांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवते, एवढाच माझा कायद्याशी संबंध. दुसरं म्हणजे ‘प्रेरणादायी’ या शब्दाची मला जरा धास्ती वाटते. पहिली स्त्री डॉक्टर, पहिली स्त्री वैमानिक, पहिली स्त्री न्यायाधीश. आठ मार्चला आपण त्यांचे फोटो लावतो, हार घालतो आणि नऊ मार्चला पोटगीच्या तारखेला पुन्हा कोर्टात जाऊन उभ्या राहतो. त्या फोटोचा आणि त्या तारखेचा काही संबंध आहे का, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी म्हटलं, बोलीन, पण त्या संबंधाबद्दलच बोलीन.

आधी अपील म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी बऱ्याचजणी कल्याणच्या कोर्टात जातात, काहीजणी ठाण्याच्या, काही भिवंडी-उल्हासनगरच्या. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ च्या कायद्याखाली आपण अर्ज टाकतो तो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. निकाल पटला नाही तर तीस दिवसांच्या आत सत्र न्यायालयात अपील. त्याच्याही वर जायचं तर गाडी पकडून मुंबईला, फोर्टात, उच्च न्यायालयात. महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगरहवेली, दमण-दीव एवढ्या मुलखाचं हे वरचं कोर्ट.

खालच्या आणि वरच्या कोर्टात एक मोठा फरक आहे, तो प्रत्येकीनं लक्षात ठेवावा असा आहे. आपली बाई कल्याणच्या कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते. रडते, अडखळते, कधी वकिलावर चिडते. ते सगळं तिथल्या न्यायाधीशाला दिसतं. अपिलात सहसा ती बाई दिसत नाही. वर जातं ते तिचं दप्तर. खाली जे लिहिलं गेलं तेच वर वाचलं जातं. आणि वर जो निकाल लिहिला जातो तो पुन्हा खाली येतो. तो फक्त तिच्यापुरता राहत नाही, त्यानंतर त्याच कारणासाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकीला तो लागू होतो. अंबरनाथची बाई असो की गडचिरोलीची. म्हणून त्या वरच्या खुर्चीत कोण बसतं, कसं बसतं, तिथं कोणता कागद पोचतो, हा आपला प्रश्न आहे.

मुंबईचं उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झालं. आज आपण जी काळ्या दगडाची उंच इमारत पाहतो ती १८७८ साली पुरी झाली. त्या इमारतीला दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा तिथं रखमाबाईंचा खटला चालला. लहानपणी लग्न लावून दिलेली मुलगी, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणाली. नवऱ्यानं दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूनं दिला. नवऱ्यानं अपील केलं. अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ मध्ये तिला हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, तो इतिहास तुम्हांला माहीत आहे. मला सांगायचंय ते एवढंच, की बाईच्या आयुष्याचा निकाल अपिलात फिरवण्याची ताकद या कोर्टात पहिल्यापासून आहे. आणि ते कोर्ट सुरू झाल्यापासून एकशे सोळा वर्षं तिथं एकही स्त्री न्यायाधीश नव्हती.

१९७८ साली ती आली. सुजाता मनोहर.

त्यांची माहिती थोडक्यात सांगते. जन्म २८ ऑगस्ट १९३४. वडील कांतिलाल देसाई पुढे गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. मुलीचं शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, मग ऑक्सफर्डला, बॅरिस्टरीची परीक्षा लंडनमध्ये. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. काम बहुतेक व्यापारी दाव्यांचं, म्हणजे कंपन्या, करार, पैशांचे व्यवहार. त्याच्या जोडीला कायदेविषयक मदतीच्या योजनांतून कौटुंबिक खटलेही त्यांनी चालवले.

आता तुम्ही म्हणाल, अहो, वडील न्यायमूर्ती, शिक्षण ऑक्सफर्डचं, त्यांना काय अवघड? मीही असंच म्हणत असे. पण हाच मुद्दा उलटा करून बघा. घर कायद्याचं, शिक्षण जगातलं उत्तमातलं उत्तम, तरी वकिलीला सुरुवात केल्यापासून त्या खुर्चीपर्यंत पोचायला वीस वर्षं लागली. आणि त्यांच्या आधी कोणीच पोचली नव्हती. मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम, १९२० च्या दशकातच या कोर्टात वकिली करू लागल्या होत्या. म्हणजे बाईला काळा कोट घालून न्यायाधीशासमोर उभं राहायची मुभा मिळाली, त्यानंतर समोरच्या खुर्चीत बसायला अर्धशतक गेलं. ज्यांच्याकडे सगळं होतं त्यांची ही गत, तर कल्याणच्या चाळीत राहून रात्रीच्या कॉलेजात कायदा शिकलेल्या आपल्या मुलीनं काय करायचं? या प्रश्नाकडे मी शेवटी येते.

मी स्वतः त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं ते १९८० नंतर. डोंबिवलीच्या एका बाईचं पोटगीचं प्रकरण वर गेलं होतं. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं व्ही.टी.ला उतरलो, चालत हायकोर्टात गेलो. एवढे जिने, एवढे काळे डगले, बाईच्या हाताला घाम सुटलेला. आमचा वकील येईपर्यंत आम्ही बोर्डावर लावलेली यादी वाचत उभ्या राहिलो. त्यात हे नाव दिसलं. मी तिला म्हटलं, ‘बघ, इथं एक बाईपण न्यायाधीश आहे.’ ती म्हणाली, ‘आपलं काम तिच्यापुढं आहे का?’ नव्हतं. आमचं काम दुसऱ्या कोर्टात होतं आणि त्या दिवशी ते निघालंच नाही, तारीख पडली. परतीच्या गाडीत तिनं मला विचारलं, ‘एकच आहे का ग ती?’ तिचा हा प्रश्न मला अजून आठवतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेऊ, कारण तिथं आपली फसगत होते. बाई न्यायाधीश झाली म्हणजे बायकांना न्याय मिळाला असं होत नाही. १९७८ हेच साल घ्या. जानेवारी ते डिसेंबर एकच वर्ष. त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायाधीश आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं मथुरा खटल्याचा निकाल दिला.

हा खटला आपल्या महाराष्ट्राचा. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात, पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं अपिलात तो निकाल फिरवून शिक्षा दिली. ते म्हणाले, भीतीपोटी निमूट सहन करणं म्हणजे संमती नव्हे. केवढं महत्त्वाचं वाक्य! आणि ते लिहिणारे न्यायाधीश पुरुष होते. मग सर्वोच्च न्यायालयानं तोही निकाल फिरवला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणून पोलीस सुटले.

पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, उपेन्द्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईत बायका एकत्र आल्या, बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली तर कोर्टानं ते गृहीत धरावं, अशी तरतूद आली. आपल्यातल्या ज्या जुन्या कार्यकर्त्या आज समोर बसल्या आहेत, त्यांच्यातल्या काहीजणी या लढ्यातूनच चळवळीत आल्या.

म्हणजे बघा, चांगला निकाल पुरुषांनी दिला, वाईट निकालही पुरुषांनीच दिला, आणि वाईट निकाल मागे हटवला तो रस्त्यावरच्या बायकांनी आणि चार प्राध्यापकांच्या एका पत्रानं. मग बाई न्यायाधीश कशाला हवी? हवी. ती आपल्यावर मेहेरबानी करील म्हणून नाही. जे कोर्ट निम्म्या समाजाबद्दल बोलतं, त्यात निम्म्या समाजातलं कोणीच नसावं हा अन्याय आहे, म्हणून हवी. तो अन्याय दूर व्हायला तिचा प्रत्येक निकाल आपल्याला पटायलाच हवा अशी अटही घालू नये. पुरुष न्यायाधीशांना ही अट कोणी घालत नाही.

उच्च न्यायालयात सुजाता मनोहर सोळा वर्षं होत्या. या सोळा वर्षांत त्यांच्यापुढे आलेली कामं फक्त बायकांची नव्हती, ती असायचं कारणही नव्हतं. त्यातलं एक तुमच्यातल्या अनेकींना आठवेल. १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘तमस’ मालिका सुरू झाली. फाळणीच्या दंग्यांवरची, गोविंद निहलानींनी केलेली. यानं दंगे भडकतील म्हणून बंदी मागणारा अर्ज झाला आणि प्रक्षेपणाला स्थगिती मिळाली. मग काम न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या खंडपीठापुढे आलं. या दोघांनी काय केलं? ऐकीव गोष्टींवर न जाता ती मालिका स्वतः पाहिली. पाहिली आणि स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा निकाल कायम केला.

मला हे उदाहरण फार आवडतं. आपल्या समित्यांवर, पंचायतींत, पोलीस ठाण्यात बायकांच्या तक्रारीबद्दल आधी मत बनतं आणि मग कागद वाचला जातो. पुष्कळदा वाचलाही जात नाही. आधी बघा, वाचा, मग ठरवा. न्यायाधीशाच्या कामातला अर्धा न्याय इथंच असतो.

१९९४ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीत मोठं घडामोडीचं. जानेवारीत त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. या पदावर आलेली पहिली स्त्री. एप्रिलमध्ये त्यांची बदली केरळला झाली, तिथंही पहिली स्त्री मुख्य न्यायमूर्ती. आणि नोव्हेंबरात त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथं त्यांच्या आधी एकच स्त्री येऊन गेली होती, न्यायमूर्ती फातिमा बीवी. त्या १९८९ मध्ये आल्या आणि १९९२ मध्ये निवृत्त झाल्या. सुजाता मनोहर ऑगस्ट १९९९ पर्यंत तिथं होत्या. नंतर त्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सदस्य झाल्या.

आता विशाखा निकालाकडे येते. १३ ऑगस्ट १९९७. सरन्यायाधीश वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती कृपाल यांचं पीठ. निकालपत्र वर्मांनी लिहिलं. कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ हा बाईच्या समानतेच्या, जगण्याच्या आणि काम करण्याच्या हक्कावरचा घाला आहे, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत सांगितलं. संसदेनं कायदा केलेला नव्हता, म्हणून कोर्टानंच मार्गदर्शक सूत्रं घालून दिली आणि कायदा होईपर्यंत हीच पाळा म्हणून बजावलं. प्रत्येक मालकानं तक्रार समिती नेमायची, अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि बाहेरच्या संघटनेची एक व्यक्ती.

पण हे प्रकरण कोर्टात आलं कसं? राजस्थानच्या भटेरी गावची भंवरीदेवी. सरकारच्याच योजनेत साथिन म्हणून काम करणारी. बालविवाह थांबवायला गेली, त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. विशाखा आणि इतर महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की कामावर असलेल्या बाईच्या संरक्षणाची जबाबदारी कोणाची ते सांगा. म्हणजे त्या पीठापुढे तो कागद नेला बायकांनी. न्यायाधीश कितीही संवेदनशील असो, समोर कागदच आला नाही तर निकाल कशावर देणार?

आणि भंवरीदेवीचं स्वतःचं काय झालं? १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. त्याविरुद्धचं अपील राजस्थानच्या उच्च न्यायालयात गेलं आणि कित्येक वर्षं तसंच पडून राहिलं. आरोपींपैकी काहीजण मरूनही गेले. तिच्या दुःखातून देशातल्या लाखो बायकांना संरक्षण मिळालं आणि तिचं अपील मात्र दप्तरात राहिलं. अपिलाचं कोर्ट आपल्याला काय देऊ शकतं आणि आपल्याला किती ताटकळत ठेवू शकतं, या दोन्ही गोष्टी या एका बाईच्या आयुष्यात दिसतात.

त्याच वर्षीचा दुसरा एक निकालही सांगायला हवा, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. १९९७ मध्येच अहमदाबादच्या महिला कृती गटाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे होता. निरनिराळ्या धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत बायकांवर जो अन्याय आहे, बहुपत्नीत्व, एकतर्फी तलाक, वारसाहक्कातला भेदभाव, तो घटनेविरुद्ध ठरवा अशी मागणी होती. कोर्ट म्हणालं, हा धोरणाचा प्रश्न आहे, कायदेमंडळानं पाहावा. अर्ज फेटाळला. त्या तीन न्यायाधीशांच्या पीठातही सुजाता मनोहर होत्या. पुढे वीस वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, मुस्लिम बायकांनी नेटानं लढवलेल्या खटल्यात एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. त्या पीठातले पाचही न्यायाधीश पुरुष होते. म्हणजे एकाच वर्षात एक दार उघडलं, एक बंद राहिलं, आणि बंद दार बायकांनी पुन्हा ठोठावलं.

आता आपल्याकडची गोष्ट. ही माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट आहे, म्हणून नीट ऐका.

विशाखा निकालानंतर साधारण वर्षभरानं आमच्याकडे एक बाई आली. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला होती. सुपरवायझर त्रास द्यायचा. अंगाशी लगट, घाणेरडं बोलणं, नाही म्हटलं की ओव्हरटाइम बंद. आमच्याकडे निकालाची झेरॉक्स होती, इंग्रजी. एका शिक्षिका मैत्रिणीनं समासात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून दिला होता. तेवढ्या बळावर आम्ही चौघी मालकाकडे गेलो. तो हसला. म्हणाला, ‘बाई, हे दिल्लीचं आहे, इथं नाही चालत.’ आमच्यातल्या एकीनं घटनेतलं १४१ वं कलम पाठ करून ठेवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो. ती ते एका दमात म्हणाली. मालक गप्प झाला.

समिती झाली. अध्यक्ष कोण? मालकाची बायको. बाहेरच्या म्हणून मी. दोन बैठका झाल्या. बाई बोलली, दोन मैत्रिणीही तिच्या बाजूनं बोलल्या. आम्हांला वाटलं, जिंकलो. सुपरवायझरची दुसऱ्या पाळीत बदली झाली, एवढंच. महिन्याभरात हिलाच काम कमी आहे म्हणून घरी बसवलं. आम्ही वकिलाकडे धावलो. वकिलानं पहिला प्रश्न विचारला, ‘बैठकीचं इतिवृत्त कुठंय?’ नव्हतं. तक्रार तोंडी घेतलेली, साक्षी तोंडी, मालकाचं आश्वासन तोंडी. माझ्या वहीत फक्त तारखा आणि चहाचा खर्च. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हातात होता आणि आमच्या स्वतःच्या हातचा एक कागद नव्हता. प्रकरण तिथंच संपलं. ती बाई पुढे घरकामाला लागली. बरीच वर्षं स्टेशनवर भेटायची. तिनं मला कधी दोष दिला नाही. पण मला तिच्या डोळ्यांत बघताना जड जायचं.

त्या दिवसापासून आमच्या संघटनेत एक नियम आहे. बाई बोलायला लागली की एकजण ऐकते आणि एकजण लिहिते. तारीख, वार, जागा, कोण हजर होतं. लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं, तिची सही किंवा अंगठा घ्यायचा. एक प्रत तिच्याकडे, एक आपल्याकडे. कंटाळवाणं काम आहे. मोर्च्यात घोषणा देण्यासारखं ते अंगात येत नाही. पण वरच्या कोर्टात बाई पोचत नाही, तिचा कागद पोचतो, हे मी सुरुवातीला म्हटलं ते मी असं महागात शिकले.

विशाखाची सूत्रं तात्पुरती होती. त्यांचा कायदा व्हायला सोळा वर्षं लागली. २०१३ चा कायदा त्याच वर्षी डिसेंबरात लागू झाला. दहा किंवा जास्त माणसं जिथं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवीच. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकामगार बायकांनाही हीच समिती. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत; सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत एक लक्षात ठेवा : १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. वसई-विरारची बाई आता पालघरच्या समितीकडे जाईल, कल्याण-डोंबिवलीची ठाण्याच्या.

हे कायद्यात आहे. प्रत्यक्षात? मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात, ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य, असं सांगितलं की कायदा होऊन दहा वर्षं झाली तरी अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत, सगळीकडे समित्या नेमल्यात का ते तपासा. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा हुकूम द्यावे लागले. ते प्रकरणही वर आलं होतं ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातूनच. विशाखाची रेघ पुढे ओढण्याचं काम अजून चालू आहे आणि ती खालून, जिल्ह्यातून ओढल्याशिवाय पुढे सरकत नाही.

आता तो राहिलेला प्रश्न. ‘एकच आहे का ग ती?’

नाही, आता एकच नाही. सुजाता मनोहरांनंतर मुंबई उच्च न्यायालयात अनेक स्त्रिया न्यायाधीश झाल्या. रंजना देसाई तिथून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विजया ताहिलरामानी आणि मृदुला भाटकर या दोघींच्या खंडपीठानं मे २०१७ मध्ये बिल्किस बानो खटल्यातली अकराजणांची जन्मठेप कायम केली आणि खाली सुटलेल्या पोलीस व डॉक्टरांनाही दोषी धरलं. पण मुख्य न्यायमूर्तीच्या कायम पदावर दुसरी स्त्री, मंजुळा चेल्लूर, यायला २०१६ साल उजाडलं. मध्ये बावीस वर्षं गेली.

असं का होतं? आपल्या कल्याण-ठाण्याच्या कोर्टात जाऊन बघा. न्यायदंडाधिकारी म्हणून तरुण मुली दिसतात. कारण तिथं परीक्षा आहे. लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची, मुलाखत द्यायची, पास झालात की खुर्ची तुमची. उच्च न्यायालयात परीक्षा नाही. तिथं नावं सुचवली जातात. साधारण दोन तृतीयांश जागा वकिलांमधून आणि एक तृतीयांश जिल्हा न्यायाधीशांमधून भरायची पद्धत आहे. नाव सुचवायचं तर ते आधी कोणाच्या नजरेत यावं लागतं. नजरेत यायचं तर मोठे खटले मिळावे लागतात. आणि बाई वकिलाला मोठा खटला कोण देतं? आपणसुद्धा देतो का? आपल्या संघटनेकडे आलेलं मालमत्तेचं प्रकरण आपण पुरुष वकिलाकडे नेतो आणि पोटगीचं तेवढं बाईकडे. खोटं असेल तर सांगा.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या. एक : लिहा. प्रत्येक तक्रार, प्रत्येक बैठक. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कोर्टाच्या आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना फुकट द्यावी लागते, ती मागून घ्या, जपून ठेवा. दोन : वकिलाला पैसे नाहीत म्हणून अपील सोडू नका. १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ती सोय तालुक्यापासून उच्च न्यायालयापर्यंत आहे. अपिलाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. निकालाच्या दिवशीच ती तारीख वहीत लिहा. तीन : तुमच्या भागात काळा कोट घालून कोर्टात धडपडणाऱ्या मुली हुडका. त्यांना फक्त आठ मार्चला व्याख्यानाला बोलावू नका, काम द्या. चांगलं, मोठं, गुंतागुंतीचं काम द्या.

सुजाता मनोहरांची कारकीर्द मोठी आहे हे मी नाकारत नाही. एकशे सोळा वर्षं बंद असलेल्या खोलीत पहिल्यांदा जाऊन बसणं सोपं नसतं. पण तिथं बसलेल्या बाईला वाचायला कागद लागतो. तो आपल्याच हातानं लिहिलेला असणार आहे, कल्याणच्या चाळीत, दिव्याच्या खोलीत, लेडीज डब्यात मांडीवर वही ठेवून.

आज घरी जाताना प्रत्येकीनं एक वही घेऊन जावी, एवढंच माझं म्हणणं. वह्या मी आणल्या आहेत, दाराशी ठेवल्यात.